वेटिंग रूमच्या मावशींच्या एकोणीस तक्रारी

वेटिंग रूम सांभाळणाऱ्या बाईंना स्टेशनावर सगळे मावशीच म्हणत. फरशी पुसायची, पाण्याची टाकी भरायची, कोणी गडबडीत छत्री विसरलं तर ती घेऊन त्याच्यामागे धावायचं, हे काम त्या चोवीस वर्षं करत होत्या. हात कामात असले तरी डोकं काही स्वस्थ बसत नसे.

टेबलावर एक वही असे, सुतळीला पेन बांधलेलं. वर लिहिलेलं, 'तक्रार व सूचना'. तक्रार करणं मावशींच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी सूचनेवर भर दिला. सुचलं की लिहायच्या आणि खाली सही करायच्या, 'एक हितचिंतक'.

उशिरा येणाऱ्या गाडीची घोषणा घरच्यासारखी करावी, तोवर चार घास खाऊन घ्या म्हणावं. एक बाक भिंतीकडे तोंड करून ठेवावं, म्हणजे कोणाला रडू आलं तर चारचौघांत लाज वाटणार नाही. खिडकीची जागा दर पाच स्टेशनांनी बदलावी, मधल्यानेही जग बघावं.

एका सोमवारी स्टेशनमास्तर हातात पत्र घेऊन आले. चेहरा पार उतरलेला. म्हातारी आई गावी एकटी होती, म्हणून त्यांनी तिकडे बदली मागितली होती.

"मावशी, हा हितचिंतक कोण हो? माझ्या मुळावरच उठलाय! एकोणीस तक्रारी शिल्लक आहेत, त्या मिटेपर्यंत बदली नाही म्हणतात. गुरुवारी वरच्या ऑफिसचे साहेब वही बघायला येतायत."

मावशींच्या हातातला पोछा खाली पडला. "मीच ती, मास्तर. पण मी तक्रार कुठं केली? चांगलंच सुचवलं की!"

"वरच्या ऑफिसात वहीतली ओळ म्हणजे तक्रारच."

"पानं फाडू?"

"पानांवर नंबर आहेत. लिहिणाऱ्यानं खाली 'समाधान झाले' लिहिलं की मिटतं. बसा, एकोणीस सह्या ठोका."

मावशींनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "झालं नाही ते झालं कसं लिहू? सकाळी याच हातांनी देवाला नमस्कार केलाय."

"अहो, माझी आई वाट बघतेय!"

"म्हणून तर म्हणते, धरा त्या बाकाचं दुसरं टोक."

दोघांनी मिळून बाक फिरवलं. दुपारची गाडी उशिरा येणार होती. मास्तरांनी माइकवरून लाजत लाजत सांगितलं, "अजून तासभर आहे, जेवून घ्या." लोक हसले, पण तीन डबे उघडलेच. खिडकीसाठी मास्तरांनी विनंतीची पाटी लावली.

"ऐकतील लोक?" त्यांनी विचारलं.

"एक जण उठला तरी माझं समाधान."

एकेक सूचना अशीच पार पडत गेली आणि बुधवारपर्यंत अठरा सह्या झाल्या. उरली एकोणिसावी : शिट्टी झाल्यावर गाडीनं अर्धं मिनिट थांबावं.

"हे नाही व्हायचं," मास्तर म्हणाले. "गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे."

मावशी वहीकडे बघत म्हणाल्या, "माझा धाकटा परदेशी गेला तेव्हा शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून 'स्वेटर घाल' एवढंच निघालं. सांगायचं दुसरंच होतं."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "गाडी वेळेवरच सुटू दे. शिट्टी माझ्या हातात आहे ना? ती अर्धं मिनिट आधी वाजवतो!"

संध्याकाळच्या गाडीला शिट्टी आधी झाली. एक आजोबा खिडकीशी वाकून नातीला काहीतरी सांगत राहिले, तिची मान हलेपर्यंत. गाडी वेळेवर सुटली. मावशींनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मगच सही केली.

गुरुवारी साहेबांनी वही चाळली, भिंतीकडे तोंड केलेल्या बाकावर थोडा वेळ बसले आणि वहीवर शिक्का मारला.

महिन्याभरात बदली झाली. निघायच्या दिवशी मास्तर खिडकीशी बसले होते. नव्या मास्तरांना सगळं नीट समजावलेलं होतं, शिट्टी आधीच वाजली. आता अर्धं मिनिट हातात होतं आणि दोघांनाही एक शब्द सुचेना.

"मास्तर," मावशी अखेर म्हणाल्या, "छत्री घेतलीत?"

मास्तरांनी वर सामानाच्या फळीकडे पाहिलं, छत्री नव्हती. मावशी केव्हाच ऑफिसकडे धावत सुटल्या होत्या. गाडी हलायच्या आत छत्री खिडकीतून आत गेली.