सेहेचाळीस पाट

भांडुपला डोंगराकडे जो चढ जातो, त्याच्या मध्यावर काशीरामची शाळा होती. शाळा म्हणजे पोरांची नव्हे, गणपतीची. मूर्ती घडवायच्या जागेला कोकणात शाळाच म्हणतात, आणि काशीरामच्या बापाने गिरणीतली पाळी संपवून मुंबईत मूर्ती करायला घेतल्या तेव्हा गावचा शब्दही बरोबर आणला. पुढे बाप गेला, गिरणी गेली. काशीराम मुलुंडला ज्या कंपनीत लागला होता तीसुद्धा बंद पडली. राहिली ती शाळा. वर सिमेंटचे पत्रे, तीन बाजूंना विटा आणि चौथ्या बाजूला ताडपत्री, एवढाच तिचा थाट. लगतच काशीरामची राहायची खोली.

ह्या शाळेची एक रीत होती. गिऱ्हाईक मूर्ती निवडायला येत नसे, आपला पाट घेऊन येई. आषाढ लागला की घरोघरचे लाकडी पाट चढ चढून वर यायला लागत. वर नारळ, विडा, सुपारी. त्याच पाटावर मूर्ती घडायची आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसून घरी जायची. पाट ठेवून घेतला की शब्द दिला. काशीरामच्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्या हातून काय काय निसटलं त्याची यादी मोठी आहे, पण एकही पाट त्याच्याकडून रिकामा परत गेला नव्हता. तेवढीच त्याची कमाई म्हणा. माणूस मुखदुर्बळ, पण ही गोष्ट सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

शाडूच्या मूर्तीचा वैरी म्हणजे पाऊसच. माती सावलीत, सावकाश, आतून बाहेर सुकायला हवी, आणि श्रावणात भांडुपच्या डोंगराखाली तर अंगावरचा सदराही सुकत नाही. मोठे बल्ब लावून, पंखे फिरवून काशीराम कसंबसं भागवायचा. मूर्ती सुकली की नाही हे ओळखायची त्याची खूण बापाकडून आलेली. बोट वाकवून पेराने पाठीवर ठोकायचं आणि कान द्यायचा. ओली माती मुकी असते, सुकलेली बोलते. मूर्ती बोलल्याशिवाय तिला रंगाचा हात लावायचा नाही, हा बापाचा दंडक होता.

आता जावयाकडे येऊ. हर्षद पवईला एका कार्यालयात संगणकावर काम करायचा. चांगला मुलगा, गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्यावर काशीराम पटकन विश्वास टाकायचा. ह्या हर्षदने जुन्या बाजारातून दोन यंत्रं घेतली होती. बिटकॉइन नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या नाण्यासाठी चोवीस तास गणितं सोडवत बसणारी यंत्रं. पावाच्या ट्रेएवढा डबा, दोन्ही तोंडांना पंखे. ती त्याने पवईच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लावली आणि चौथ्या दिवशी सोसायटीने त्याला नोटीस दिली. आवाजच तसा होता, मिक्सर चालू करून बंद करायचा विसरावं तसा. दरम्यान नोकरीही गेली होती, पण ते त्याने घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते काशीरामच्या मुलीने, दीप्तीने, बापाला, फोनवर, रडत.

"बाबा, तुमच्या शाळेत ठेवा ना ती मशीनं. तुमच्याकडे मोठं मीटर आहे. नाहीतर हा वेडा होईल हो."

रविवारी हर्षद स्वतः आला. चहा घेता घेता त्याने सासऱ्याला पटवलं. "बाबा, ह्यातनं सत्तर डिग्रीची हवा बाहेर पडते. लोक ती वाया घालवतात यार. तुम्ही बल्ब जाळता, तर त्याऐवजी हे जाळा. मूर्तीपण सुकतील आणि कॉइनपण मिळतील. एका विजेत दोन कामं!"

काशीरामने डोकं खाजवलं. "ह्या नाण्यान् माती गावतली?"

"डायरेक्ट नाही मिळणार. आधी विकायचं, मग टॅक्स कापायचा, मग बँकेत."

"मग ह्या कसला नाणा रे?"

हर्षद हसला. आतून काशीरामची बायको मालन म्हणाली, "जावय सांगता तर ठेवा. पोरीच्या तोंडाकडे बघा." जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. काशीरामने मागच्या भिंतीजवळ जागा करून दिली.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला झकास चाललं. आवाज म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर, असा. मालनने कानात कापूस घातला, शेजारी दोनदा भांडून गेले. पण ऊब मिळाली हो! जी मूर्ती सुकायला वीस दिवस घ्यायची ती आठ दिवसांत कोरडीठाक. हाताला लागली की खरखरीत. काशीरामला बापाची आठवण आली. बापाने चुलीतले निखारे पाटाखाली सरकवत कितीतरी आषाढ काढले होते, त्याला ही हवा मिळाली असती तर! तो एवढा खूश झाला की त्याने कधी न केलेली गोष्ट केली. दरवर्षी तो पस्तीस पाट घ्यायचा. त्या वर्षी अकरा जास्त घेतले. सेहेचाळीस पाट. कोणी करायला सांगितलं नव्हतं. हर्षदने नाही, मालनने तर नाहीच. हाव म्हणा, आयुष्यात पहिल्यांदा नशीब उघडल्यासारखं वाटलं म्हणा.

मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास पावसाने झड लावली. नऊ दिवस सूर्य नाही. काशीरामने मूर्तींच्या फळ्या यंत्रांच्या तोंडाशी सरकवल्या. रोज सकाळी तो रीतीप्रमाणे पेराने ठोकायचा. पण त्या कल्लोळात कानाला काय ऐकू येणार? यंत्रं बंद करावीत तर हर्षदने बजावलं होतं, मध्ये बंद केली की नुकसान होतं. काशीरामने कानाचा नाद सोडला आणि हाताला विचारलं. हात म्हणाला, कोरडी आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मूर्ती बोलायच्या आधी रंगाला घेतल्या.

वरचं कातडं सुकलं होतं. पोटात माती ओलीच होती.

चतुर्थीला अकरा दिवस उरले असताना सकाळी तो शाळेत गेला. पहिल्या मूर्तीच्या गळ्याशी केसाएवढी रेघ दिसली. अशा रेघा होतात, ओला शाडू भरला की मिटतात. तो वाटी आणायला वळला तर दुसऱ्या मूर्तीचा हात खांद्यापासून सुटलेला. तिसरीची सोंड. चौथी पाठीतून उभी तडकलेली, रंगलेल्या पितांबराचे दोन भाग झालेले. तो एकेक फळी बघत गेला. शेवटच्या फळीपाशी पोचला. डोळे आखून झालेले सगळे गणपती त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांतला एकही पूजेला बसवता येणार नव्हता. खंडित मूर्ती कोणी घरात घेत नाही. मालन आली, तिने बघितलं आणि आधी यंत्रांचं बटण बंद केलं. कित्येक आठवड्यांनी शाळेत शांतता झाली. त्या शांततेत टक् असा आवाज आला. कुठेतरी आणखी एक तडा गेला होता.

अकरा दिवसांत सेहेचाळीस मूर्ती नव्याने घडवून सुकवणं देवालाही जमलं नसतं. एकच वाट होती. पेणहून तयार कच्च्या मूर्ती आणायच्या, पाटावर बसवायच्या आणि रंगवायच्या. बापाच्या रीतीला हा बट्टाच, पण पाट रिकामा जाण्यापेक्षा बट्टा परवडला. पेणचा कारखानदार फोनवर म्हणाला, माल आहे, पण हंगामाच्या तोंडावर रोख लागेल. काशीरामची शिल्लक मातीत, रंगांत आणि विजेच्या बिलात गेली होती. बिल पाहून तर मीटर वाचणारा चुकला असं त्याला वाटलं होतं.

हर्षद धावत आला. तोंड उतरलेलं. "बाबा, काळजी करू नका. दोन महिन्यांत जे जमलंय ते मी आज विकतो." आधी साठवलेली नाणीही त्याने त्यात घातली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ज्या ॲपवर ती होती तिथून पैसे निघायला आठवडा लागणार होता, म्हणून त्याने कुठल्यातरी परक्या माणसाला मोबाइलवरच विकली. पैसे काशीरामच्या खात्यात आले. त्या संध्याकाळी काशीराम जेवला. पेणला टेम्पो सांगितला.

तिसऱ्या दिवशी कार्डाने पैसे निघेनात. बँकेतल्या मुलीने संगणकात बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. "काका, तुमचं खातं गोठवलंय. तुमच्याकडे आलेला पैसा कोणाला तरी फसवून काढलेला होता. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची तक्रार आहे."

"माका खयचो पोलीस वळखता?" काशीराम म्हणाला. मग तिला कळावं म्हणून, "मी गणपती करतो हो."

ती बिचारी काय करणार! अर्ज करा म्हणाली. अर्ज केला. हर्षद त्या परक्या माणसाला फोन लावत राहिला, तो लागला नाही. जन्मभराचं ते एकच खातं, त्यात चोराचा पैसा शिरला आणि काशीरामचा स्वतःचा होता तोही आत अडकला. शेजारपाजारी फिरून मालनने थोडंफार जमवलं तोवर पेणहून फोन आला, माल संपला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणंसुद्धा आलं नाही.

मग पाट परत करायचे दिवस आले. गिऱ्हाइकांनी वर यावं आणि बघावं हे काशीरामला सहन झालं नसतं. त्याने तडकलेल्या मूर्ती उतरवल्या, पाट धुतले, पुसले, आणि डोक्यावर दोन-दोन, तीन-तीन घेऊन घरोघर गेला. दारात उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "ह्या वर्षी जमलं नाही, माफी करा." कोणी शिव्या दिल्या. कोणी आगाऊ रकमेवरून तावातावाने बोललं. एका म्हातारीने पाट छातीशी धरला आणि दार लावून घेतलं. शिव्या त्यामानाने सोप्या होत्या. लोकांनी नाक्यावरच्या मांडवातून प्लास्टरच्या मूर्ती आणल्या. देव कोणाच्या घरी यायचा राहिला नाही. फक्त काशीरामच्या हातून गेला नाही.

पंचेचाळीस पाट गेले. सेहेचाळिसावा लताबाईंचा होता. फणसाच्या लाकडाचा, एक कोपरा उडालेला, सासूने गावाहून आणलेला. एकतीस वर्षं तो शाळेत येत होता. काशीराम तो पोचवायला निघणार त्याच्या आदल्याच दिवशी लताबाई स्वतः वर आल्या, रिकाम्या फळ्या बघितल्या, पदर डोळ्यांना लावला आणि पाट न घेताच उतरून गेल्या. काशीरामने मालनला सांगितलं, "पाट ठेवल्यान् म्हणजे शब्द मोडूक नाय." तेवढ्यावर त्याने वर्ष काढलं.

वर्षभरात बाकीचं जे व्हायचं ते झालं. पंख्यांत शाडूची धूळ बसून यंत्रं निकामी झाली होती. हर्षदने ती गोवंडीच्या भंगारवाल्याला किलोवर घातली आणि सुरतेला नोकरी धरली. दीप्ती तिकडून फोन करायची, पण बापाशी जास्त बोलायची नाही, आणि बापही विचारायचा नाही. गोठलेलं खातं गोठलेलंच राहिलं. एकदा हर्षदचा फोन आला, त्या नाण्याचा भाव खूप वाढलाय म्हणून. काशीराम म्हणाला, "बरं झालं रे." त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी उरावं लागतं.

आषाढाची वाट न बघता, वैशाखातच, त्याने लताबाईंच्या पाटावर मूर्ती घडवायला घेतली. एकच मूर्ती, त्यामुळे घाई नव्हती. सावलीत ठेवली, ओलं फडकं पांघरलं, रोज थोडं थोडं काढलं. आषाढ लागला. नारळ घेऊन कोणी चढ चढलं नाही. काशीराम रोज सकाळी शाळा झाडायचा आणि ताडपत्री वर करून बसायचा.

एका सकाळी लताबाई आल्या. हात रिकामे. दाराशीच उभ्या राहिल्या.

"काशीरामदादा, माझा पाट तेवढा हवा होता."

तो उठला. त्यांच्या मागे रस्त्यावर रिक्षा थांबली होती.

"पोरानं दुसरीकडे शब्द दिलाय हो. मी म्हटलं त्याला... पण पोरं ऐकतात होय? सासूबाईंचा पाट आहे, म्हणून..."

"असंदे, असंदे," काशीराम म्हणाला. "धूळ बसलीय त्यावर. पुसून देतो. तुम्ही बाहेरच थांबा."

तो आत गेला. फडकं बाजूला केलं. दोन्ही हातांनी मूर्ती धरली, पाटापासून हळूच सोडवली आणि खाली पोत्यावर ठेवली. पाट पुसला. मधोमध मातीचा गोल डाग राहिला होता, तो निघता निघेना, तेव्हा नखाने खरवडून काढला. मग बाहेर येऊन दोन्ही हातांनी पाट दिला. लताबाईंनी तो कपाळाला लावला आणि रिक्षात बसल्या.

"कोण इल्ला?" मालनने खोलीतून विचारलं.

"लता. तिचो पाट व्हतो, घेवन गेली."

तो परत आत आला आणि मूर्तीजवळ खाली बसला. शाळेत आता कसलाच आवाज नव्हता. त्याने बोट वाकवलं, पेराने मूर्तीच्या पाठीवर ठोकलं आणि कान दिला. मूर्ती बोलली. आतून बाहेर, अगदी नीट सुकली होती.