फळ्यावरची उभी रेघ

दमट हवेत खडूचा ओलसर वास आला, की मला मालवणातला अकरावीचा वर्ग आठवतो. खिडकीतून बंदरावरच्या सुकटीचा वास येत होता आणि गणिताचे सर माझा नि माझ्या मैत्रिणीचा पेपर शेजारी धरून उभे होते. टाकीत चढणाऱ्या पाण्याच्या उदाहरणाला मी y = 2x + 3 असं समीकरण लिहिलं होतं, तिने f(x) = 2x + 3 असं फंक्शन. "उत्तर एकच, नुसता वेष बदललाय. कोणी कोणाचं बघितलं?" सरांनी विचारलं. मी बघितलं नव्हतं, म्हणजे तिनेच बघितलं असणार, असं वाटून मी बाकावर जराशी लांब सरकले. मग सरांनी फळ्यावर उभी रेघ ओढली, x = 4, आणि ती आम्हा दोघींना वहीत फंक्शन म्हणून लिहायला सांगितली. मी झटकन f(x) = 4 लिहिलं; ती तर आडवी रेघ. तिने लिहिलं, 'हे समीकरण आहे, पण फंक्शन नाही. x चारच, आणि y मात्र कितीही असू शकतो.' सरांची नजर माझ्यावर स्थिरावली. "म्हणजे तू बघितलंस." तेवढ्यात ती उठली. "नाय सर. तिका बघूनच लिवचा असता, तर आता माझा बघून बरोबर लिवल्यान नसता काय? तिका गणित येना नाय, पण ती खोटा करूची नाय." सगळा वर्ग हसला. सरांनी दोन्ही पेपर परत दिले. तेव्हा मला तिचा रागच आला होता. आज वाटतं, माझ्यावर इतका विश्वास आणि माझ्या गणितावर इतका अविश्वास एका दमात दाखवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.