पंथाचा रकाना

आमचा मॅनेजर पहिल्या आठवड्यातच माझ्या डोक्यात गेला होता. पुण्याहून वर्क परमिटवर इंग्लंडमधल्या रीडिंग गावी आलेल्या आम्हा सगळ्या मुलींना तो एकाच नावानं हाक मारायचा आणि वर स्वतःच हसायचा. पण माझ्या रागापेक्षा शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या बाईचा राग खोल होता. ती बगदादची. तिचा भाऊ तिकडे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. युद्धानंतर नव्या अमेरिकी राज्यकर्त्यांनी एका हुकमासरशी जुन्या सत्ताधारी पक्षाच्या ज्या हजारो सभासदांना घरी बसवलं, त्यांत तोही होता.

२००४च्या उन्हाळ्यात इराकला सत्ता सोपवल्याची बातमी कँटीनमधल्या टीव्हीवर लागली होती. मॅनेजर म्हणाला, "चला, आज आपण त्यांना सार्वभौमत्व देऊन टाकलं."

"देऊन टाकलं?" ती म्हणाली. "म्हणजे इतके दिवस तुझ्या खिशात होतं का?"

सगळे हसले. त्यानं ते लक्षात ठेवलं.

पुढं आमच्या कंपनीनं इराकच्या सरकारला नागरिकांच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर विकायचं ठरवलं. स्क्रीन मी बनवत होते. त्यात धर्मानंतर पंथाचा रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

"माझी आई शिया, वडील सुन्नी," ती मॅनेजरला म्हणाली. "मी काय भरू?"

"कुठलंही एक निवड. तुमच्याकडे देश असाच चालतो."

शाळेच्या दाखल्यावर जात लिहिणाऱ्या देशातून मी आले होते. असा रकाना एकदा छापला गेला की माणसाला कसा चिकटून बसतो, ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी रकाना ऐच्छिक करून दिला. त्यानं सगळ्यांसमोर मला झापलं आणि परत सक्तीचा करायला लावला.

मग बगदादहून सरकारी पाहुणे आले. त्यांच्या प्रमुखांना, एका वयस्कर गृहस्थांना, इंग्रजी येत नव्हतं. आमचा दुभाषी मोटारवेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. मॅनेजर नाइलाजानं तिच्याकडे वळला.

"तू कर. स्वतःचं काही घालू नकोस. मी बोलेन ते शब्दन् शब्द सांगायचं."

"शब्दन् शब्द," ती म्हणाली.

मी डेमो दाखवत होते. पंथ न लिहिता पुढं जाता येतं का, असं त्या गृहस्थांनी विचारलं. मी बटण दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मॅनेजर त्यांच्याकडे बघून गोड हसला आणि शेजारच्या सेल्सवाल्याला हळूच म्हणाला, "यांना देश चालवता येत नाही, आणि प्रश्न विचारतायत. सही घे आणि जेवायला ने."

तिनं तेही अरबीत सांगितलं. आवाज तसाच, सौम्य.

गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला. शांतपणे काहीतरी बोलले आणि उठले. तिनं आमच्यासाठी भाषांतर केलं, "ते म्हणतायत, भूक नाही."

मॅनेजरचे कान लालबुंद झाले होते. मी ते डोळे भरून पाहिले.

त्यानं तिच्याविरुद्ध तक्रार केली. एचआरनं मला बोलावलं. "त्यानंच शब्दन् शब्द सांग म्हटलं, मी ऐकलं," एवढंच मी म्हणाले, आणि ते वाक्य म्हणताना मला जी मजा आली ती आजही कमी झालेली नाही. महिन्याभरात त्याला प्रोजेक्टवरून काढलं, मग त्यानं नोकरीच सोडली. इराकचं ते काम दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीला मिळालं.

तिनंही राजीनामा दिला आणि नॉटिंगहॅमला एका कॉलेजात नोकरी धरली. जाण्याआधी आम्ही दोघी जेवायला गेलो. मी विचारलं, "आता बरं वाटतं?"

"त्यानं नोकरी सोडली ते छान झालं," ती म्हणाली. "पण माझ्या भावाला घरी बसवणारे त्यांच्या देशात अजून खुर्चीत आहेत. त्यांच्या मीटिंगला मला कोण बोलावणार?"

मग तिनं आणखी एक नान मागवला.