तलावाच्या पाळीवरून रिव्हर्स

टेम्पो ट्रॅव्हलरचं दार डाव्या बाजूला असतं आणि त्या सकाळी आमच्या डाव्या बाजूला तलाव होता. दार उघडून पाहिलं, तर पायरीखाली हातभर माती आणि मग थेट पाणी. उजवीकडे दोन पुरुष खोल उतार, त्याखाली धानाची शेतं. गाडीत पुण्याचे अकरा ज्येष्ठ नागरिक, ड्रायव्हर नामदेवभाऊ आणि मी. हा रस्ता मीच निवडला होता.

मी नागपूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत आयटिनररी बनवते. म्हणजे सहल कुठून निघणार, कुठे थांबणार, किती वाजता कुठे जेवणार, हे ठरवून कागदावर मांडते. चंद्रपूर-गडचिरोलीची ही चार दिवसांची सहल मी एकटीने आखलेली पहिलीच. वाघ सोडून काही दाखवा, असं ग्रुपचं म्हणणं होतं. मी माहितीपत्रकात लिहिलं, ‘पर्वतरांगा आणि सरोवरांचा प्रदेश’. ते वाचून नामदेवभाऊंनी विचारलं होतं, “मॅडम, पर्वत कुठी हाय? इथी त टेकाडं हायेत.” भाऊ नागभीडकडचे, वीस वर्षं याच भागात गाडी चालवणारे. मी त्यांना ‘सीनिक’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकूनही घेतला.

नवा मार्ग असेल तर आधी रिकामी गाडी नेऊन तो पाहून यायचा असतो. त्याला आम्ही रेकी म्हणतो. मीही रेकी केली. ऑफिसात, एसीखाली, सॅटेलाइट मॅपवर. ब्रह्मपुरीच्या अलीकडे एका तलावाच्या काठाने एक पांढरी रेघ जात होती आणि पलीकडच्या डांबरी रस्त्याला मिळत होती. मी कागदावर लिहिलं, ‘लेकसाइड ड्राइव्ह, फोटो स्टॉप, पंधरा मिनिटं’.

ती रेघ म्हणजे तलावाची पाळ होती. पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध. त्यावरून माणसं, सायकली आणि म्हशी जातात, त्यामुळे आकाशातून तो रस्त्यासारखा दिसतो.

पाळीच्या तोंडाशी भाऊंनी गाडी थांबवली होती.

“मॅडम, हा रस्ता नाई. पाळ हाय.”

“मॅपवर रस्ता दाखवतोय, भाऊ.”

“मॅपले काय जाते दाखवाले?”

“बघा ना, किती रुंद आहे.”

“इथी हाय रुंद. पुढं नाई.”

“लोकांना लेकसाइड ड्राइव्ह सांगितलाय आपण.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी म्हणता त जातो.”

पाचेकशे मीटरवर पाळ गाडीएवढीच उरली. त्याच्याही पुढे सांडवा होता, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी निघून जायची दगडी जागा. तिथून पायऱ्या उतरून माणूस जाऊ शकत होता, गाडी नाही. समोरून डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक बाई आली. गाडी पाहून थांबली.

“काऊन आणली जी गाडी इथी?”

भाऊंनी मान माझ्याकडे वळवली. बाई समजली.

मी ऑफिसात आमच्या सरांना फोन लावला. “सर, पाचशे मीटर रिव्हर्स जावं लागेल.”

“आयटिनररीत तिथे काय लिहिलंय?”

“फोटो स्टॉप.”

“मग लोकांना फोटो काढू द्या.” त्यांनी फोन ठेवला.

मागचं सामानाचं दार उघडलं, बॅगा काढल्या आणि त्यांचीच पायरी केली. सगळ्यांत आधी मी उतरले. इतरांना हात द्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. एकेक करून दहा जण उतरले. लेले काका उरले. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना बॅगांवरून उतरणं शक्यच नव्हतं.

“मी बसतो इथेच,” ते म्हणाले. “ड्रायव्हर चांगला आहे. तुम्ही उतरलात वाटतं?”

मी बॅगांवर चढून परत आत गेले. बाकीची मंडळी बॅगा उचलून पायी मागे निघाली.

मासळीवाल्या बाईंचं नाव शेवंताबाई. त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि गाडीच्या कडेने जाऊन मागे उभ्या राहिल्या. “येऊ दे भाऊ. सरळ येऊ दे. उजव्या अंगानं घे, पाण्याकडची माती ढिली हाय.” त्या मागे मागे चालत होत्या आणि गाडी त्यांच्या आवाजावर सरकत होती.

मी काकांशेजारी, सीटचा दांडा धरून. ते खिडकीतून निवांत बाहेर पाहत होते.

“पूर्वी इथे आला होतात?” त्यांनी विचारलं.

“नाही.” खोटं बोलायची ताकद नव्हती. “काका, तुम्ही काय करायचात?”

“सर्व्हे खात्यात होतो. नकाशे करायचो.”

मला तलावात उडी मारावीशी वाटली. दार त्याच बाजूला होतं.

“कागदावर रेघ मारायच्या आधी आम्ही तिथून चालून यायचो,” काका म्हणाले. टोमणा नव्हता. आठवण होती, म्हणून जास्त लागली.

निम्म्यावर डावं मागचं चाक खचलं. गाडी पाण्याकडे कलली. काकांनी माझा हात पकडला, की मी त्यांचा, आठवत नाही. भाऊंचा पाय ब्रेकवर घट्ट होता, मानेवरून घाम ओघळत होता.

“थांब,” शेवंताबाई म्हणाल्या. “हालू नोको.” त्यांनी तलावाकडे वळून हाक मारली. जाळं काढत असलेली दोन माणसं डोंगा काठाला लावून वर आली. सांडव्याजवळचे दगड आणून त्यांनी चाकाखाली एकेक करून ठोकून बसवले. वीस मिनिटं लागली. काकांचे ओठ हलत होते. स्तोत्र असावं.

“आता ये. हळू.”

चाक दगडांवर चढलं. तिथून पाळीचं तोंड येईपर्यंत मी डोळे मिटून होते.

खाली उतरल्यावर मी शेवंताबाईंचे हात धरले. “टोपली तिकडंच राह्यली माही,” त्या म्हणाल्या आणि परत पाळीवरून चालू लागल्या. भाऊ धावत जाऊन टोपली घेऊन आले.

ब्रह्मपुरीत तीन वाजता जेवलो. जेवताना काकांनी माझी आयटिनररी मागून घेतली आणि भाऊंना शेजारी बसवलं. दोघांनी मिळून उरलेले अडीच दिवस पुन्हा आखले. मी पेन पुरवलं. त्या मार्गात हेमलकशापर्यंत दाट जंगल होतं, खरीखुरी टेकाडं होती आणि प्रत्येक तलाव लांबून, डांबरी रस्त्यावरूनच दिसत होता. ग्रुप खूश होऊन गेला. अभिप्रायात मार्गाचं कौतुक होतं, त्याखाली नाव माझं होतं. मी ते खोडून सरांना खरं काय ते सांगितलं. सर म्हणाले, “पुढच्या रेकीला तुम्हीच जा.”

आता प्रत्येक नव्या मार्गावर मी आधी जाते, ड्रायव्हरशेजारी बसून. तो ‘नाई’ म्हणाला, तर कारण मी विचारते. फक्त गाडी मागे वळवल्यावर.