लोकसहभाग

जिल्ह्याच्या नवोपक्रम धोरणासाठी लोकांची मतं घ्यायला कोल्हापुरात तीन बैठका झाल्या. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. उद्योजक आणि प्राध्यापक पुढे बसत. फौंड्रीतला एक वयस्क कामगार तिन्ही वेळा आला आणि मागे बसला. त्याच्या पायावर भाजल्याचे जुने वण होते. मांडीवरच्या पिशवीत पत्र्याचं एक झाकण असायचं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना थेंब पायावर उडू नयेत, म्हणून त्याने ते स्वतः घडवलं होतं.

बोलायची पाळी आली की तो झाकण दोन्ही हातांनी वर धरायचा. "एका फौंड्रीत वापरून बघा. एवढंच म्हणणं हाय."

टाळ्या वाजायच्या. मी लिहून घ्यायचो.

मसुद्याची पानं फार वाढली, तेव्हा साहेबांनी किरकोळ सूचना गाळायला सांगितल्या. त्याची ओळ मीच खोडली.

धोरण छापून आल्यावर तो कार्यालयात आला. पहिल्याच पानावर त्याचा मोठा फोटो होता. त्याने बोट ओलं करून एकेक पान शेवटपर्यंत उलटलं.

"माणूस घेतलासा, पावणं," तो म्हणाला, "म्हणणं तेवढं ऱ्हायलं की."

"पुढच्या वेळी नक्की घेऊ," मी म्हणालो.

"माझं काय न्हाय. मी आता घरीच असतो. माझ्या जागी जावई हाय भट्टीवर."

प्रत माझ्या टेबलावर ठेवून तो सावकाश जिना उतरला. ओळ कुणी खोडली, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.