मिशी गेली, दाढ गेली

त्या वर्षी हट्ट्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेत, मला पहिल्यांदाच दंडारीत काम मिळालं. तेही नव्या नवरीचं! भरदुपारी लोकांच्या गराड्यात दंडारीचा खेळ रंगायचा आणि बायकांची कामं आम्ही पोरंच लुगडं नेसून करायचो. त्यासाठी मी मिशी उतरवली. बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढतो, म्हणून वडलांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मला कसली पर्वा! माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि नेमकी मंडईच्या आदल्या दिवशी दाढ उठली. दंडारीचे म्होरके माझे मामाच. त्यांनी मला छोट्या रेल्वेगाडीत घातलं आणि बालाघाटला दातांच्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. डॉक्टरने सुई टोचली, पकडीने दाढ हलवली, पिळली, आणि कडकन आवाज होऊन ती बाहेर आली. तोंडात कापूस कोंबून तो म्हणाला, "कल भी बोलना मत."

मामांचा चेहरा पडला. परतताना गाडीतच त्यांनी सांगून टाकलं, "नवरीचं काम दुसऱ्याले देतो. तुले बोलता येत नाही, अन् गाल पाहा कसा फुगला!"

मी जोरजोरात मान हलवली. मिशी गेली, दाढ गेली, आता कामही जाणार? संताप संताप झाला.

सकाळी गाल आणखीच टम्म. मामीने पाजलेलं गार दूध कसंबसं गिळलं, तिचंच लुगडं नेसलो, पदर डोक्यावर ओढला आणि कमरेवर हात ठेवून मामांपुढे उभा ठाकलो. ते बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारून हसले.

"अरे, हे तं सासू दिसून राह्यली! पानाचा तोबरा भरलेली! तू काही बोलू नोको, नुसते डोळे वटार."

सासूचं काम ठरलेला पोरगा नवरी झाला. तालमी करून सगळ्यांचं सगळं पाठ होतंच. दुपारी ढोलकी कडाडली आणि मी एक बोट नवरीकडे रोखलं. नुसत्या त्या बोटावर माणसं लोळली! गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "अवं माय, हे तं माह्यीच सासू!" मलाही हसू फुटत होतं, पण हसलं की जबड्यात कळ जायची, तोंड आणखी वाकडं व्हायचं आणि लोक आणखी हसायचे. काय मजा आली म्हणून सांगू!

तेवढ्यात गर्दीच्या कडेला वडील दिसले. मंडईत पाऊल ठेवणार नाही म्हणाले होते. दुपट्ट्याने डोळे पुसत हसत होते.

संध्याकाळी मी ओसरीवर दूधभात कालवत बसलो होतो. वडील येऊन शेजारी टेकले. माझा फुगलेला गाल न्याहाळला.

"पुढच्या मंडईले दुसऱ्या बाजूची दाढ काढजो."

डॉक्टरचं सांगणं मी तिथेच मोडलं.

"हौ, बाबा."