गोष्टीतला कारकून

शरयू दाणी सर्वेक्षणाचं काम करते. म्हणजे टॅबलेट घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं आणि "दीदी, दहा मिनिटं द्या" म्हणून गयावया करायची. कारखान्यात अपघात झाला तर लोक दोष कुणाला देतात, हे एका कॉलेजातल्या संशोधकांना हवं आहे. सरळ विचारलं तर माणसं शहाण्यासारखी उत्तरं देतात, म्हणून आधी एक रचलेली गोष्ट ऐकवायची. कारखाना तोच, अपघात तोच. मधलं एक वाक्य मात्र टॅबलेट घरोघरी बदलतो. कधी कारकुनाला काहीच ठाऊक नसतं. कधी मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढलेली आहे हे ठाऊक असूनही त्यानं तपासणीच्या रजिस्टरवर सही केलेली असते. ऐकणाऱ्यानं कारकुनाचा दोष शून्य ते दहामध्ये सांगायचा. वाचणाऱ्यानं एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही.

प्रशिक्षणात ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा शरयूनं टॅबलेट उलटा ठेवला. संशोधकांनी ती मनानंच रचली होती. पण सहा वर्षांपूर्वी एका मसाल्याच्या कारखान्यात कारकून असताना तिनं अगदी तशीच सही केली होती. जाळी नाही हे तिला दिसलं होतं. तिसऱ्याच दिवशी अंजनी नावाची मुलगी ओढणीसकट पट्ट्यात ओढली गेली. शरयूनं नोकरी सोडली, तोंड मात्र उघडलं नाही. अजूनही शेजारी मिक्सर लागला की तिला तो पट्टा ऐकू येतो.

हे काम तिला सोडता आलं असतं. पण बाईला भलतंच वेड लागलं. विजय नगरात एक निवृत्त साहेब "दहा" म्हणाले, ग्वारीघाटावर फुलवाली "तीन" म्हणाली. दारोदार फिरून ती स्वतःचाच निकाल मागत होती, आणि एकही आकडा तिला पुरत नव्हता.

अधारताल भागात एका घरी प्रमोदिनीबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी पिताना तिला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. अंजनी हसत होती. उठून पळावं असं वाटलं, पण तिनं टॅबलेट उघडला. टॅबलेटनं नेमकी सहीवाली गोष्ट काढली. शरयूनं ती वाचली आणि सहीचं वाक्य गिळून टाकलं.

"शून्य लिही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला काय माहीत? काहून दोष द्यायचा?"

याच शून्यासाठी ती सहा वर्षं तडफडली होती. आता मिळालं तर ते चोरलेलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

"काकू, एक वाक्य मी गाळलं," ती म्हणाली, आणि तिनं ते वाचलं. "जाळी नाही हे कारकुनाला माहीत होतं, तरी त्यानं सही केली."

प्रमोदिनीबाईंनी पेला बाजूला ठेवला. "हे काहून गाळलं तू?"

शरयूची नजर फोटोवर गेली, ती बाईंनी पाहिली.

"तू तिथं होती?"

"होते. सही माझीच आहे."

बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त दार लोटून घेतलं आणि समोर येऊन बसल्या.

"अच्छा. मग पुन्हा वाच. कारकून-बिरकून नको म्हणू. माझ्या अंजनीचं नाव घे, अन् तुझं घे."

शरयूनं वाचलं. दोन्ही नावं घेऊन शेवटपर्यंत वाचलं.

"दहा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "लिही."

शरयूनं लिहिलं.